कापसाचा बोळा

सासूबाईंनी बारा वर्षांपूर्वी आपल्या यकृताचा तुकडा देऊन सुनेला जगवलं, मग ‘गोळी घेतलीस का?’ विचारत मरेपर्यंत तिच्या मानगुटीवर बसल्या. त्या गेल्यावर सुनेने त्यांचं कपाट उपसलं, चष्म्यापासून चपलांपर्यंत सगळं टाकून हुश्श केलं. दुसऱ्याच दिवशी ती नेहमीच्या तपासणीला गेली. रक्त काढून झाल्यावर डॉक्टरीणबाई मागचा अहवाल उघडून म्हणाल्या, “गंमत बघा. यकृताबरोबर आलेल्या सासूबाईंच्या पेशी अजून तुमच्या रक्तात फिरतायत. रोगजंतूंवर पहारा देतायत.” “म्हणजे गेल्या तरी पाळत चालूच!” सून फणकारली, मग हळूच म्हणाली, “बारा वर्षं?” “रात्रंदिवस.” सुनेने हातावरचा कापसाचा बोळा उचलला. त्यावर तांबडा ठिपका होता. डॉक्टरीणबाईंनी कचऱ्याचा डबा पुढे केला. सुनेचा हात थबकला. “राहू द्या,” ती म्हणाली, “सगळं कालच टाकलंय. आता त्यांचं आणखी काही टाकवत नाही.”