घरात माणसं किती?

बीजन कफन पांघरून रस्त्याच्या मधोमध अनवाणी चालला होता. गळ्यात दोरीने सुरी अडकवलेली. त्याच्या मागे दहा पावलांवर त्याची बहीण पूरान, चादरीचं टोक दातांत घट्ट धरून. शहर इवलंसं, चार हजार वस्तीचं, आणि त्यातले निम्मे तरी भिंतींवर चढून बघत होते.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. उन्हाळ्यात ईरजच्या घरामागच्या बागेत बीजनने ईरजला भोसकलं. ईरजने पूरानची वाट अडवली होती म्हणे. मग ईरजच्या चुलत्यांनी बीजनच्या काकाला दुकानातून ओढून काढलं आणि भर बाजारात दगडांनी ठेचलं. मग एक घर पेटलं. मग आणखी दोन माणसं गेली. मश हैदर न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरून म्हणायचा, असंच चाललं तर यंदाच्या जनगणनेत आपल्या शहराचं पुन्हा खेडं होणार.

शेवटी म्हाताऱ्यांनी जुनी रीत काढली. खुन्याने कफन घालून मेलेल्याच्या आईपुढे उभं राहायचं आणि सुरी तिच्या हातात द्यायची. वाटलं तर तिने मारावं. नाहीतर त्याच्या घरची मुलगी सून म्हणून घ्यावी आणि रक्त तिथेच थांबवावं.

ईरजची आई, बीबी खावर, दारातच उभी होती. बीजन गुडघ्यांवर बसला. तिने सुरी घेतली, पण त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या खांद्यावरून पूरानकडे पाहत राहिली. मग एकदम वाकून तिने बीजनचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाडला. पांढरं कफन छातीपर्यंत लाल झालं. बायका किंचाळल्या.

"न्या याला," खावर म्हणाली. "मला मुलगी द्या."

पूरानच्या आईने खावरचे पाय धरले. बीजनला उचलून नेताना तो बहिणीच्या कानात एवढंच पुटपुटला, "काहीही झालं तरी गप्प राहा."

संध्याकाळच्या आत ईरजच्या धाकट्या भावाशी, सियावशशी, पूरानचा निकाह लागला. सियावश तिच्याशी बोलायचा नाही. नणंद मेहरी मात्र दोघांचं बोलायची. येता-जाता चिमटे काढायची, खुन्याची बहीण म्हणायची, एकदा तर तिने उकळता चहा पूरानच्या हातावर ओतला आणि हात निसटला म्हणून हसली.

खावरने मेहरीच्या थोबाडीत दिली. भाजलेल्या हाताला तूप लावलं. जेवताना मटणाचा चांगला तुकडा पूरानच्या ताटात टाकला.

"आई, हिला काय पाहुणी म्हणून आणलीयस?" मेहरीने तणतणत विचारलं.

"खाऊ दे तिला पोटभर."

पूरानला रडू आलं. दादा जगला, आणि आता खावरने एकदा आपलं म्हटलं की झालं, दोन्ही घरं वाचली. आठ दिवस ती त्या एका शब्दाची वाट पाहत राहिली.

नवव्या दिवशी दुपारी जनगणनेचा मास्तर आला. सियावश गिरणीवर गेला होता, मेहरी नानच्या रांगेत. पूरान चहा घेऊन दाराआड उभी राहिली. घरात माणसं किती, असं मास्तरने विचारलं तेव्हा तिने श्वास रोखून धरला.

"तीन," खावर म्हणाली आणि तिने नावं सांगितली. तिचं स्वतःचं, सियावशचं, मेहरीचं.

मास्तर चहा पिऊन, दाराला कागद चिकटवून निघून गेला. खावरने आतून कडी घातली.

"बीबी, माझं नाव राहिलं," पूरान हळूच म्हणाली. "आपण चौघं आहोत ना?"

"सरकारी कागदावर खोटं कशाला लिहू?" खावरचा आवाज अजूनही मऊच होता. "तू माझ्या ईरजला भोसकलंस ना पोरी, तेव्हा मी गच्चीवर जर्दाळू वाळत घालत होते."