काकूंची ओहोटी

लेकीकडे स्पेनला आलेल्या केळुसकर काकांनी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर रबरी ट्यूब काखेत मारून बायकोला हाक दिली, "सरोज, चल पाण्यात!"

"भरती आहे. ओहोटी लागू दे, मग येते."

वेंगुर्ल्यात लग्न होऊन आल्यापासून काकूंचं हेच चाललेलं. आणि ओहोटी लागली की, "एवढ्या लांब कोण चालतंय?" पाण्याची भीती वाटते, हे मात्र कधी कबूल करायचं नाही.

काकांनी हसत पाण्याच्या कडेला काठी रोवली. दुपार झाली, तरी पाणी काठीपाशीच.

"अगं, इथे ओहोटी जाणवतच नाही. लेकीने सांगितलंय मला."

सबबच संपली. पदर खोचून, रवळनाथाचं नाव घेत काकू ट्यूबमध्ये शिरल्या. पहिल्या लाटेला किंचाळल्या, दुसरीला खिदळल्या.

उन्हं कलली. काठीपाशी उभे राहून काका ओरडले, "अगं, भूक लागली! ये आता बाहेर!"

"ओहोटी लागू दे," काकू तरंगत म्हणाल्या, "मग येते."