यशस्वी प्रात्यक्षिक

"आजपासून कॅन्सरला लपायला जागा उरली नाही!" मोठ्या डॉक्टरांनी पाहुण्यांपुढे गर्जना केली. मग यंत्राचा प्लगच लावलेला नाही, असं नर्सने त्यांच्या कानात सांगितलं.

टेबलावरच्या मास्तरीणबाईंना टोचलेलं औषध म्हणे कॅन्सरच्या पेशी हुडकून पडद्यावर चमकणार होतं. स्तनातलं दुखणं काखेपर्यंत पोचलेलं नसू दे, एवढाच बाईंचा धावा चालला होता. तेवढ्यात प्लग लागला, पडद्यावर काखेतली गाठ लखलखली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"म्हणजे पसरलाय?" बाईंनी विचारलं.

"अहो, केवढा स्पष्ट दिसतोय!" डॉक्टरांचा आनंद पोटात मावेना.

असली शेफारलेली कार्टी बाईंनी वर्गात पुष्कळ पाहिली होती.

"शाब्बास हो. आता हा वर धरलेला हात खाली घेऊ का? मुंग्या आल्यात."