बेचाळीस किलो

डॉक्टरांनी कागदावर पोट काढून दोन ऑपरेशनं समजावली. एकात जठर कापून लहान करायचं, दुसऱ्यात ते लहान करून आतड्याची वाटही वळवायची.

सोबत आलेली नणंद फिसकन हसली. "वहिनी, त्यापेक्षा तोंडाला आवर घाला की! या वयात कुणाला दाखवायचीय फिगर?"

वहिनीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "डॉक्टर, बेचाळीस किलो कशात उतरतील?"

"दुसऱ्यात शक्यता जास्त. पण बेचाळीसच का?"

"लेकीचं वजन आहे. पाय साथ देत नाहीत तिचे, डोकं मात्र नुसतं पळतं. वकिलीला नंबर लागलाय. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट मागितली तर म्हणाले, एका मुलीसाठी परवडत नाही. म्हणून मीच तिला पाठीवर घेऊन चढते. तेवढं माझं उतरवा, म्हणजे गुडघ्यांना वाटेल, मी एकटीच चढतेय."

नणंदेने मान खाली घातली.

दारापाशी व्हीलचेअरवर बसलेली लेक म्हणाली, "डॉक्टर, दुसरंच करा. माझी पहिली केस त्या लिफ्टचीच असणार, आणि कोर्टालाही पायऱ्याच आहेत."