गुंड्याच्या मनातली खारी

खाजवून खाजवून गुंड्याच्या कानांतून रक्त यायला लागलं. खाज गव्हामुळे येते का, ते कळावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी गहू-मैदा बंद केला होता, तरी कुत्र्याचं ते पिल्लू खाजवतच होतं. भडकलेल्या नलूने त्याच्या गळ्यात मनातलं बोलणारा पट्टा अडकवला.

"कोण भरवतं रे तुला चोरून?"

"बाबांनी सांगितलंय, खारीचं बोलायचं नाही," पट्टा बोलला.

नलूने नवऱ्याकडे पाहिलं. दिनकररावांची खारी चहातच बुडाली.

"अगं, आज एकदाच दिली. तुझी शपथ!"

"ते लेकरू सोलून निघालंय आणि वर माझ्या शपथा घेताय?" नलूने पट्टा सोडवला आणि खसकन नवऱ्याच्या गळ्यात आवळला.

पट्टा लगेच बोलायला लागला, "देवा, हिने गादीखाली बघू नये. तिथे अख्खा पुडा आहे."