दुसरं पोर्ट

बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानातला नवा लेझर प्रिंटर काही केल्या छापेना. “सरका बाबा, तुमच्यानं नाही व्हायचं,” म्हणत ताई ऐटीत संगणकापुढे बसली. तिनं प्रिंटरच्या जोडणीसाठी दुसरं पोर्ट निवडलं आणि चाचणीचं पान पाठवलं.

टेबलावरचा प्रिंटर ढिम्म. घरघर आली ती आतल्या खोलीतून. तिथे प्रिंटर नव्हताच. कागदाचा गठ्ठा आणायला गेलेली धाकटी चिमी तेवढी होती.

“चिमे, काय वाजतंय गं?”

“ताई, भिंतीतून कागद येतोय! गरम गरम! मी धरलाय.”

“सोड तो!”

ताईनं घाईघाईनं जुनं पोर्ट परत लावलं. घरघर थांबली. बाबा आत धावले. खोली रिकामी होती.

तेवढ्यात टेबलावरचा प्रिंटर सुरू झाला, आणि त्याच्या आतून बारीक आवाज आला, “सोडला गं ताई. पण इथे किती अरुंद आहे!”