सुटी अक्षरं

शिवाजी पेठेतल्या फुटबॉल क्लबच्या वेबसाइटसाठी अनुजा फॉन्ट निवडत होती. वळणदार अक्षरांतला एक परिच्छेद तिनं थोरल्या भावाला, पृथ्वीराजला वाचायला दिला. क्लबचा हा गोलकीपर आठवीतच शाळा सोडून बसलेला. तो नेहमीसारखा पहिल्याच ओळीत अडखळला.

"मला कशाला दावतीस? वाचायचं डोकंच न्हाय मला," म्हणत तो उठायला लागला.

"एकदाच बघ की, दादा."

अनुजानं फॉन्ट बदलला. अक्षरं साधी, मोठी आणि सुटी सुटी केली. पृथ्वीराज सावकाश वाचत गेला, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. मग त्यानं स्क्रीनवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ही जागची हलत न्हाईत," तो हळूच म्हणाला. "तुमाला सगळ्यास्नी कायम अशीच दिसत्यात व्हय?"

अनुजानं स्क्रीन त्याच्या आणखी जवळ सरकवली.

"पुढचं पान लाव," तो म्हणाला.